ला कोरुन्या ते हवाना: स्पेनचं समुद्री टपाल नेमकं चालायचं कसं?

लखोटा (धागाकर्ता)

सप्टेंबर १७६२ मध्ये इंग्रजांचं आरमार फिलिपिन्समधल्या मनिलाच्या उपसागरात शिरलं, तेव्हा तिथल्या स्पॅनिश कारभाऱ्यांकडे युद्ध सुरू झाल्याची अधिकृत खबरच नव्हती. युद्ध पुकारून आठ महिने उलटले होते. ते आरमार निघालं होतं आपल्या मद्रासहून. म्हणजे लंडनचा हुकूम आफ्रिकेला वळसा घालून मद्रासला आला, जहाजं जमली, फौज चढली, मनिलापर्यंत गेली, आणि एवढ्या अवधीत माद्रिदचं एक पत्र मनिलाला पोचलं नाही.

याचं कारण टपालाच्या वाटेत आहे. माद्रिदचं पत्र आधी दक्षिण स्पेनमधल्या कादिस बंदराला, तिथून अटलांटिक ओलांडून मेक्सिकोच्या व्हेराक्रूझ बंदराला, खेचरांवरून मेक्सिको शहरात, पुढे पॅसिफिकवरच्या आकापुल्कोला आणि तिथून वर्षातून एकदा सुटणाऱ्या गॅलियन या मोठ्या जहाजातून मनिलाला. गॅलियन सुटायचं मार्चच्या अखेरीच्या सुमारास. जानेवारीत पुकारलेल्या युद्धाची खबर समुद्रातून व्हेराक्रूझला येणार एप्रिलच्या आसपास. गॅलियन चुकलं म्हणजे वर्ष गेलं. उलट दिशेलाही तेच. फेब्रुवारी १७६३ मध्ये पॅरिसचा तह झाला तेव्हा मनिला पडल्याची बातमी युरोपात पोचलेलीच नव्हती, आणि इंग्रजांनी शहर सोडलं १७६४ मध्ये.

त्याच १७६४ साली स्पेनने समुद्री टपालाची नवी व्यवस्था उभी केली, तो या धाग्याचा विषय. आधी त्याच्या मागची पार्श्वभूमी थोडक्यात.

१५१४ मध्ये राणी हुआनाने 'कोर्रेओ मायोर दे इंदियास' म्हणजे इंडीजच्या (स्पेनच्या अमेरिकेतल्या मुलखाच्या) टपालप्रमुखाचं पद लोरेन्सो गालिंदेस दे कार्वाहाल यांना वंशपरंपरेने दिलं. आपल्याकडच्या वतनासारखंच समजा: टपालाचा हक्क घराण्याचा, उत्पन्न घराण्याचं. हे वतन १७६८ मध्ये राजाने भरपाई देऊन परत घेतलं, म्हणजे अडीचशे वर्षं टिकलं. समुद्रावर मात्र या घराण्याचं स्वतःचं एकही जहाज नव्हतं. पत्रं जायची ती व्यापारी ताफ्यातून किंवा 'आव्हिसो' नावाच्या हलक्या, वेगवान जहाजातून. आव्हिसो म्हणजे शब्दशः सूचना, वर्दी. साठेक टनांच्या आतलं गलबत, माल आणि उतारू घ्यायला बंदी, काम एकच: कागद पोचवणे.

१५६४ पासून ताफ्यांचं वेळापत्रक ठरलं. व्हेराक्रूझचा ताफा एप्रिलमध्ये, पनामा-कार्ताहेनाकडचा ऑगस्टमध्ये. कागदावर. प्रत्यक्षात ताफा महिनोन् महिने अडकायचा आणि त्याच्या पोटात पत्रंही अडकायची.

गलबतवाला

लखोटा, वाटेबद्दल थोडी भर घालतो, कारण वारा समजल्याशिवाय हे टपाल समजत नाही.

जाताना: स्पेनहून दक्षिणेला कॅनरी बेटांपर्यंत उतरायचं, तिथे ईशान्येचे व्यापारी वारे पकडायचे आणि पाठीवर वारा घेऊन अँटिलीस बेटांकडे. येताना त्याच वाटेने परतायचं म्हटलं तर तोच वारा तोंडावर. म्हणून हवानाहून फ्लोरिडा आणि बहामा यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यातून गल्फ स्ट्रीमचा प्रवाह धरून उत्तरेला चढायचं, पश्चिमी वारे लागले की अझोरेसच्या बाजूने युरोप.

या परतीच्या वाटेने पत्र नेणारं गाजलेलं पहिलं जहाज १५१९ चं. नाविक आंतोन दे आलामिनोस. १५१३ मध्ये पोन्से दे लिऑनबरोबर असताना त्याला या प्रवाहाचा जोर कळला होता. मेक्सिको जिंकायला निघालेल्या कोर्तेसने राजाला लिहिलेलं पत्र आणि सोनं घेऊन तो जुलैच्या अखेरीस मेक्सिकोच्या किनाऱ्याहून निघाला. क्यूबाला थांबू नका अशी सक्त ताकीद होती, कारण तिथला गव्हर्नर वेलास्केस कोर्तेसवर खार खाऊन होता. तरी बरोबरच्या माँतेहोने आपल्या क्यूबातल्या जमिनीवर थांबा घ्यायला लावलाच. वेलास्केसला खबर लागली, पाठलाग झाला, पण बहामाच्या प्रवाहाने जहाज सुटलं. टपालाच्या गोपनीयतेचा भंग पहिल्याच खेपेत!

हवाना हे मुख्य ठाणं का, तेही यावरून कळतं. परतीच्या वाटेचं दार तिथे आहे. व्हेराक्रूझ, कार्ताहेना, पोर्तोबेलो इथली टपालं छोट्या गलबतांनी हवानाला गोळा करायची आणि मोठ्या जहाजात भरायची. पण यात एक मेख आहे. पोर्तो रिको आणि सांतो दोमिंगो हवानाच्या पूर्वेला, म्हणजे वाऱ्याच्या वरच्या अंगाला. हवानाला उतरवलेलं पोर्तो रिकोचं पत्र परत पूर्वेला न्यायचं तर तोंडावरच्या वाऱ्यात नागमोडी वळणं घेत जायला लागतं. तेव्हा ती पिशवी येतानाच वाटेत टाकलेली बरी.

व्हेराक्रूझची वेगळीच कटकट. बंदर म्हणायला नुसतं नाव, आडोसा एका सान हुआन दे उलुआ बेटाचा. हिवाळ्यात 'नोर्ते' म्हणजे उत्तरेचं वादळी वारं सुटलं की जहाजं किल्ल्याच्या भिंतीतल्या कड्यांना दोरखंडांनी बांधून ठेवायची. त्या दिवसांत पत्रं किनाऱ्यावर येऊन पडलेली असली तरी निघणार कशी?

उलटा वारा

दोन प्रश्न. आव्हिसोचा खर्च कोण करायचं? आणि १७६४ मध्ये कादिससारखं तयार बंदर सोडून वायव्येच्या कोपऱ्यातलं ला कोरुन्या का निवडलं?

लखोटा (धागाकर्ता)

पहिल्या प्रश्नातच दुसऱ्याचं उत्तर आहे.

आव्हिसो चालवायचे आधी सेव्हियाचे, आणि १७१७ मध्ये 'कासा दे कोंत्रातासिओन' ही अमेरिकेच्या व्यापाराची सरकारी कचेरी कादिसला हलल्यावर तिथले बडे व्यापारी, त्यांच्या 'कोन्सुलादो' या संघामार्फत. १७२० च्या ठरावाप्रमाणे वर्षाला आठ आव्हिसो, चार मेक्सिकोकडे, चार तिएर्रा फिर्मेकडे, म्हणजे पनामा-कार्ताहेनाकडे. आता व्यापाऱ्याच्या बाजूने विचार करा. व्हेराक्रूझमध्ये कापडाचा भाव पडलाय ही बातमी आधी कोणाला कळणार? जहाज ज्याचं त्याला. ताफ्याला घाई आहे की उशीर फायद्याचा, त्याप्रमाणे आव्हिसो सुटणार. बातमी हाच माल, आणि तो माल त्यांच्या वखारीत. मंत्री ग्रिमाल्दी आणि टपालाचे कायदेशीर सल्लागार कांपोमानेस यांना हीच मक्तेदारी तोडायची होती. हवाना १७६२ मध्ये इंग्रजांनी घेतलं होतं, १७६३ मध्ये परत मिळालं. तो चटका ताजा होता.

२४ ऑगस्ट १७६४ ला नियमावली निघाली. १ नोव्हेंबर १७६४ ला 'कोर्तेस' नावाचं पहिलं जहाज ला कोरुन्याहून हवानाला सुटलं. ठराव असा की दर महिन्याच्या एक तारखेला एक जहाज. १७६७ मध्ये माँटेव्हिडिओ-ब्युनोस आयर्सची दुसरी ओळ, आधी तीन महिन्यांनी, पुढे दोन महिन्यांनी. १७७७ मध्ये सविस्तर अध्यादेश. १८०२ मध्ये हे सगळं खातं आरमारात विलीन.

मला विचाराल तर क्रांती जहाजात नव्हती, तारखेत होती. जहाज तेवढंच वेगवान, वारा तोच. पण ताफा निघो न निघो, माल भरलेला असो नसो, एक तारखेला पिशवी बंद होणार. लिमातल्या माणसाला पहिल्यांदा अंदाज बांधता आला की उत्तर कोणत्या महिन्यात येऊ शकेल.

गलबतवाला

"माल भरलेला असो नसो" हे जरा जपून, लखोटा. टपालजहाजांना अर्धं पोट मालाने भरायची परवानगी होती. खर्च भरून काढायला दुसरा मार्ग नव्हता. गॅलिसियाच्या, म्हणजे कोरुन्याच्या प्रांतातल्या, व्यापाऱ्यांना अमेरिकेचं दार उघडलं ते याच अर्ध्या पोटातून, १७७८ च्या खुल्या व्यापाराच्या नियमाआधी. पण अर्ध्याचं पाऊण व्हायला वेळ लागत नाही. जादा भार म्हणजे जहाज पाण्यात खोल बसणार, चाल मंदावणार, आणि इंग्रज मागे लागला तर पळता येणार नाही.

कोरुन्याचे फायदे खरेच. बंदराचं तोंड सरळ अटलांटिकवर, माद्रिदचा रस्ता सुमारे सहाशे किलोमीटर. फॅल्मथची इंग्रज टपालजहाजं १६८९ च्या सुमारास पहिल्यांदा धावली ती याच कोरुन्याला, तेव्हा टपालाचं बंदर म्हणून ओळख जुनीच. तोटे दोन. हिवाळ्यात पश्चिमेचा वारा बंदराच्या तोंडावर बसला की जहाज आतच अडकतं, एक तारीख गेली उडत. दुसरं म्हणजे युद्धात इंग्रजांच्या गस्तीच्या अगदी टापूत. तिथला रोमन दीपस्तंभ, 'हर्क्युलीसचा मनोरा', १७८८ ते १७९१ मध्ये एउस्ताकियो जान्निनीने दुरुस्त केला, त्यामागे या वाढलेल्या वर्दळीचाच रेटा.

एक फेरी तपशीलवार पाहा. हुंबोल्ट आणि बोंप्लां हे निसर्गशास्त्रज्ञ अमेरिकेला ज्या 'पिसारो' जहाजाने गेले ते हेच टपालजहाज, हवाना-मेक्सिकोचं. बंदराबाहेर इंग्रज जहाजं टपून, म्हणून संधी साधून ५ जून १७९९ ला निघालं. रात्री दिवे लावायची बंदी. १९ जूनला तेनेरीफ. तिथे काही दिवस थांबून पुढे. मग जहाजावर तापाची साथ, म्हणून हे दोघे हवानापर्यंत न जाता १६ जुलैला व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर कुमानाला उतरले. तेनेरीफच्या मुक्कामासह ४१ दिवस. उन्हाळा, मागून वारा, वाटेत शत्रू भेटला नाही, तेव्हा हा आकडा चांगल्या फेरीचा समजा. हवानापर्यंत दीड-दोन महिने धरायचे, ब्युनोस आयर्सला त्याहून जास्त.

दप्तरखाना

जहाजांचं झालं. आता पत्राकडे या, कारण कागद हातात घेतल्यावर बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात.

लिफाफा नाही. एक मोठा ताव मधोमध दुमडला की चार पानं होतात. तीन पानांवर मजकूर, चौथ्यावर पत्ता. घड्या घालून कडा आत खोचायची आणि लाखेने मोहर. पुराभिलेखात घड्या उलगडून कागद सपाट केलेला असतो, तरी घड्यांच्या रेषा आणि लाखेचा तांबडा डाग राहतोच. चौथ्या पानावर पत्ता नसेल तर ते पत्र दुसऱ्या पाकिटाच्या पोटातून गेलं, हे लगेच कळतं.

शाई मायफळ आणि हिराकस यांची. तीन भाग मायफळ, दोन भाग हिराकस, एक भाग बाभळीच्या जातीचा डिंक, असं एक रूढ माप. हिराकस जास्त पडला की शाई कागद खाते. दमट हवानात ठेवलेल्या पत्रांमध्ये अक्षरांच्या जागी जाळी झालेली दिसते ती त्यामुळे. दोष किड्यांचा नाही.

मोहरेची लाख, तिला स्पॅनिशमध्ये 'लाक्रे' म्हणतात. हा शब्द आपल्या लाखेवरूनच, पोर्तुगीजांच्या तोंडून गेलेला. फ्रेंच लोक तिला 'स्पेनचं मेण' म्हणायचे, पण मूळ माल हिंदुस्थानचा: लाख, हिंगूळ आणि राळ. उष्ण प्रदेशात जहाजाच्या पोटात ही लाख मऊ पडते आणि वरखालची पत्रं एकमेकांना चिकटतात. सोडवताना मोहर फुटते. त्यामुळे फुटलेली मोहर दिसली की लगेच हेरगिरीचा निष्कर्ष काढू नये. कणकेच्या पातळ चकत्या हा स्वस्त पर्याय, पण त्या ओलीने सुटतात आणि झुरळांना आवडतात.

सुटी पत्रं बंदरात गावांप्रमाणे वेगळी करायची, प्रत्येक गावाचा गठ्ठा बांधायचा, गठ्ठ्याबरोबर पत्रांच्या संख्येची आणि टपालहशिलाची यादी. गठ्ठे कातडी पिशवीत किंवा लाकडी पेटीत, वरून डांबर-मेण लावलेलं किंतान. पेटी कप्तानाच्या ताब्यात. शत्रूच्या हाती लागायची वेळ आली तर सगळं समुद्रात, म्हणून पेटीला वजन बांधलेलं असायचं. नुसती लाकडी पेटी तरंगते, हे लक्षात घ्या. कागद कोरडे राहावेत म्हणून जितकी घट्ट बांधाल तितकी ती बुडायला नाखूश.

दर वेळी बुडवायला सवड मिळाली नाही. इंग्रजांनी पकडलेल्या जहाजांवरची पत्रं लंडनला न्यायालयात पुरावा म्हणून गेली आणि आज लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात हजारोंनी पडून आहेत. कित्येकांच्या मोहरा अलीकडेपर्यंत फुटल्या नव्हत्या. पोचलेली घरगुती पत्रं वाचून फेकली गेली, न पोचलेली टिकली.

उलटा वारा

मग सरकारी कामकाज चालायचं कसं? पेटी बुडाली म्हणजे हुकूमच गेला की.

दप्तरखाना

एकाच प्रतीवर कोणी विसंबतच नव्हतं. व्हाइसरॉयचं प्रत्येक पत्र क्रमांक घालून जायचं. मूळ पत्र एका जहाजाने, 'दुप्लिकादो' पुढच्या जहाजाने, महत्त्वाचं असेल तर 'त्रिप्लिकादो' तिसऱ्याने. शिवाय बरोबर क्रमांकवार सूची. माद्रिदला ४१ नंतर ४३ आलं की ४२ वाटेत आहे किंवा गेलं, हे कळायचं. आणि उत्तरात आधी मूळ पत्राचा सारांश: "अमुक तारखेच्या अमुक क्रमांकाच्या पत्रात आपण कळवलंत की..." वाचताना कंटाळा येतो, पण मूळ बुडालं असेल तर आज आपल्याला तो सारांशच हाताशी असतो.

व्यापारी हेच करायचे. नव्या पत्राच्या वर आधीच्या पत्राची नक्कल, खाली ताजा मजकूर.

गोव्याचं दप्तर पाहिलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. लिस्बन-गोवा पत्रव्यवहारातही प्रत्येक पत्र 'पहिली व्हिया' (वाट), 'दुसरी व्हिया' अशा वेगवेगळ्या जहाजांनी जायचं. पणजीच्या पुराभिलेखागारात 'मोंसोंइश'चे ग्रंथ आहेत, म्हणजे मोसमागणिक आलेल्या-गेलेल्या पत्रांचे. पांडुरंग पिसुर्लेकरांनी मराठ्यांच्या इतिहासासाठी त्या दप्तरातून केवढं काढलं ते इथे सांगायला नको. मात्र एक गल्लत टाळा: १५८० ते १६४० दोन्ही देशांचा राजा एकच होता, तरी गोव्याचं टपाल लिस्बनहून आफ्रिकेला वळसा घालूनच जायचं. सेव्हियाच्या व्यवस्थेशी त्याचा संबंध नाही.

गोपनीयतेचा मुद्दा वर आलाय म्हणून: इंडीजमधली पत्रं फोडू नयेत असा फेलिपे दुसऱ्याचा १५९२ चा हुकूम आहे. १६८० च्या इंडीजच्या कायदेसंग्रहात तिसऱ्या ग्रंथाचं सोळावं प्रकरण पत्रं, टपाल आणि 'चास्की' म्हणजे इंकांच्या वेळचे पळणारे जासूद यांच्यावरच आहे. बंदी घालावी लागली यावरूनच काय ते समजा.

चवली-पावली

पाकिटावरच्या आकड्यांबद्दल कोणीच बोललं नाही, आणि नवे संग्राहक नेमके तिथेच फसतात.

तिकीट नव्हतं. हशील साधारणपणे घेणाऱ्याने द्यायचं. पत्राच्या दर्शनी बाजूला मोठ्या वळणदार अक्षरात शाईने किंवा छापाने आकडा असतो, ती वसुलीची रक्कम. आगाऊ भरलं असेल तर 'फ्रांको'चा शिक्का. तो आकडा रेआलमध्ये, पण कोणते रेआल? स्पेनमध्ये 'व्हेयोन' म्हणजे हलक्या, तांब्याच्या हिशेबाचे. अमेरिकेत चांदीचे. एक पेसो म्हणजे चांदीचे ८, व्हेयोनचे २०. त्यामुळे कोरुन्यात मांडलेला '५' आणि लिमात मांडलेला '२' ही एकच किंमत. आधी शिक्का कोणत्या बाजूचा ते ठरवा, मगच स्वस्त-महाग म्हणा.

वजन औंसात. स्पॅनिश औंस २८.७५ ग्रॅमचा, त्याचे सोळा 'आदार्मे'. दर वजनावर चढत जायचा, म्हणून लोक पातळ कागद घ्यायचे, बारीक लिहायचे आणि समासातही आडवं लिहायचे. चोरटी वाटही होतीच: ओळखीच्या उताऱ्याच्या पेटाऱ्यात पत्र. ज्या पाकिटावर हशिलाचा आकडा नाही, शिक्का नाही, फक्त पत्ता आणि 'अमुक यांच्या हस्ते' असं आहे, ते बहुधा असं गेलेलं.

व्हिनेगरचा वास किंवा पिवळट डाग, आणि सुरीने पाडलेल्या दोन चिरा दिसल्या तर ते पत्र साथीच्या काळात निर्जंतुक केलेलं. १८०० मध्ये कादिसला पिवळ्या तापाची मोठी साथ आली होती. चिरांमधून व्हिनेगर किंवा धुरी आत जावी ही कल्पना. त्या चिरांमुळे 'खराब प्रत' म्हणून भाव पाडून विकणारे विक्रेते जाणत्या संग्राहकांना फार आवडतात.

उलटा वारा

शेवटचा प्रश्न. १७७० च्या सुमाराचं लिमाहून माद्रिदला गेलेलं पत्र आहे असं धरू. ते पनामाहून गेलं की ब्युनोस आयर्सहून, कसं ओळखायचं?

लखोटा (धागाकर्ता)

दोन्ही शक्य आहे. लिमाच्या काय्याओ बंदराहून पनामाकडे जाताना थंड प्रवाह आणि वारा दोन्ही पाठीशी, काही आठवड्यांचं काम. मग पनामाची संयोगभूमी खेचरांवर, पोर्तोबेलो, हवाना, कोरुन्या. उलट पनामाहून लिमाला येणारं जहाज त्याच प्रवाहाशी झगडत महिनोन् महिने लावायचं. म्हणजे जाणाऱ्या पत्राला पनामा बरं, येणाऱ्याला ब्युनोस आयर्स. तिथून लिमाची खुष्कीची वाट लांब, पण चौक्यांची. १७७१ ते १७७३ मध्ये आलोन्सो कार्रिओ दे ला वांदेरा हा टपाल-निरीक्षक या वाटेवरची प्रत्येक चौकी, घोडे-खेचरं आणि अंतरं तपासत लिमापर्यंत गेला.

ओळखायची पद्धत: आधी पत्त्याखाली 'पोर ब्युनोस आयर्स' किंवा 'पोर पनामा' असं लिहिलंय का पाहा. नसेल तर पत्राची तारीख आणि उत्तरात नोंदलेली पोचल्याची तारीख घ्या आणि त्या दरम्यान कोरुन्याला कोणतं जहाज लागलं ते शोधा. सेव्हियाच्या इंडीज अभिलेखागारात 'कोर्रेओस' नावाचा स्वतंत्र विभाग आहे. बराच भाग 'पारेस' या सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो. रुमालाला तिथे 'लेगाहो' म्हणतात, शोध घेताना तोच शब्द टाका.

दप्तरखाना

आणि पत्राच्या माथ्यावर 'दुप्लिकादो' असेल तर तारखेवर विसंबू नका. नकलेवर बहुधा मूळ पत्राचीच तारीख असते, ती नक्कल चढली मात्र पुढच्या जहाजात. एक-दोन महिने पुढची जहाजंही पाहा.